बालकेंद्रित शिक्षण आणि अरण्यातील बालक

काही शब्दांचे भाग्य असे असते की ते एकदा सर्वमान्य झाले म्हणजे त्यांच्या अर्थाची चौकशी करण्याची गरज कोणास वाटेनाशी होते. ‘बालकेंद्रित शिक्षण’ हा असाच एक भाग्यवान शब्द होय. शंभर वर्षांपूर्वी या शब्दास विरोधक होते. छडीवाचून विद्या नाही असे प्रामाणिकपणे मानणारे पंतोजी होते व त्यांस दुजोरा देणारे पालकही होते. आज सरकारी परिपत्रकापासून शहरातील भारी शुल्काच्या शिशुवर्गापर्यंत सर्वत्र या शब्दाचा एकमुखाने जयजयकार चालू आहे. विरोधक नाहीसा झाला म्हणजे तत्त्व विजयी झाले, असे समजण्याचा प्रघात आहे. परंतु विरोधक नाहीसा होण्याचे दुसरेही एक कारण असू शकते; ते हे की, कोणाची अडचण होईल असा अर्थच त्या शब्दात शिल्लक राहिलेला नसतो. यांपैकी खरे कोणते, हे पाहावयाचे तर त्या शब्दास अवघड जागी नेऊन कसास लावले पाहिजे. अशी अवघड जागा आमच्या विदर्भातच आहे. पूर्वीचा चांदा म्हणजे आजचा चंद्रपूर जिल्हा, आणि १९८२ साली त्यातून वेगळा काढलेला गडचिरोली जिल्हा, या दोन अरण्यमय प्रदेशांतील बालकापुढे हा शब्द उभा केला असता त्याचे काय होते, एवढाच प्रश्न आम्ही या लेखापुरता घेतला आहे.

आमच्यासारख्या इंग्रजी शिकलेल्या माणसांस या विचाराची ओळख बहुधा उलट्या वाटेने होते. आधी रूसो, मग फ्रोबेल, मग माँटेसरी, आणि सर्वांत शेवटी, तेही कोणी आठवण दिली तर, ताराबाई मोडक. रूसोचा ‘एमिल’ १७६२ साली प्रसिद्ध झाला. मुलाचे मन हे मोठ्या माणसाच्या मनाची लहान प्रत नव्हे, त्याची वाढ त्याच्या स्वतःच्या क्रमाने होते, हे सूत्र त्या ग्रंथाने युरोपास दिले, हे त्याचे ऋण कोणी नाकारू नये. तथापि एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. रूसोने आपला एमिल जवळजवळ पोरकाच कल्पिला आहे. त्यास आईबाप असोत वा नसोत, त्यांचे सर्व अधिकार गुरूकडे आलेले आहेत. घर वजा केल्यावर जे उरते ते बालक, अशी ही मूळची मांडणी आहे; आणि पुढील दोन शतकांच्या बालशिक्षणविचारात ही वजाबाकी कोठे ना कोठे तशीच राहून गेली, असे आमचे मत आहे.

माँटेसरीबाईंच्या बाबतीत हा आरोप प्रथमदर्शनी लागू पडत नाही. १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो भागात त्यांनी पहिले ‘बालगृह’ काढले ते मजुरांच्या चाळीतच, मुलांच्या राहत्या घरांच्या शेजारी. आई कामावरून येता येता आत डोकावू शके. म्हणजे घर तेथे होते. परंतु ती पद्धती जगप्रवासास निघाली तेव्हा तिच्याबरोबर पेट्या आल्या, मनोरे आले, दट्ट्या आल्या. चाळ मात्र रोममध्येच राहिली. १९३९ साली बाई स्वतः थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मद्रासजवळ अड्यारला आल्या आणि युद्धामुळे कित्येक वर्षे हिंदुस्थानातच राहिल्या. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या शिक्षकांनी शहरोशहरी वर्ग काढले. ते वर्ग चांगले होते. पण ज्यांच्यासाठी मूळचा प्रयोग झाला त्या मजुरांच्या मुलांस ते परवडण्याजोगे नव्हते.

आपल्या बाजूस या विचाराचे पहिले मोठे भाष्यकार गिजुभाई बधेका. वकिली सोडून त्यांनी १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. त्यांचे ‘दिवास्वप्न’ हे मूळ गुजराती पुस्तक मराठी वाचकांसही परिचित आहे. एक हौशी शिक्षक वरिष्ठ अधिकाऱ्याची परवानगी मिळवून चौथीच्या वर्गावर वर्षभर प्रयोग करतो, एवढेच त्याचे कथानक. शिक्षणशास्त्रावरील पुस्तक इतके वाचनीय असू शकते याचा हा दुर्मिळ पुरावा होय. त्यातील आरंभीचा प्रसंग आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. शिक्षक मोठ्या उमेदीने शांततेचा खेळ योजतो आणि तो साफ फसतो. मुले गोंधळ घालतात, शिक्षकाची फजिती होते. मग तो गोष्ट सांगू लागतो आणि त्या क्षणापासून वर्ग त्याचा होतो. पुढील सारे यश, म्हणजे वाचन, इतिहास, नाटके, स्वच्छता, या एका गोष्टीच्या पायावर उभे आहे.

या पुस्तकाचे गुणगान पुष्कळ झाले आहे. त्याच्या मर्यादेविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही. ती मर्यादा अशी. गोष्टीने वर्ग जिंकला, हे खरे. पण गोष्ट कोणत्या भाषेत सांगितली हा प्रश्न त्या पुस्तकात उद्भवतच नाही. शिक्षक गुजराती, मुले गुजराती, गोष्टीतला राजाही गुजराती. श्वासोच्छ्वास जसा कोणी मोजत नाही, तशी ती समान भाषा कोणी मोजली नाही. लेखकाचा हा दोष नव्हे. त्याच्या परिस्थितीत तो प्रश्न नव्हताच. परंतु ‘दिवास्वप्ना’स जे लोक सर्वत्र लागू पडणारी गुरुकिल्ली समजतात, त्यांनी क्षणभर अशी कल्पना करावी की त्या वर्गातील मुलांस शिक्षकाची भाषाच समजत नाही. मग गोष्टही फसली असती, आणि पुस्तक पहिल्याच प्रकरणात संपले असते.

ताराबाई मोडक यांचे खरे मोठेपण आम्हांस येथे दिसते. गिजुभाईंच्या बरोबरीने त्यांनी भावनगरास काम केले, १९२६ साली स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाचा भार वाहिला, ‘शिक्षणपत्रिका’ मराठीत चालविली, दादरला शिशुविहार उभारले. एवढ्यावर त्या थांबत्या तरी त्यांचे नाव राहिले असते. परंतु १९४५ साली, वयाच्या पन्नाशीनंतर, त्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीस गेल्या, आणि तेथे त्यांनी आपल्याच पद्धतीवर जी टीका केली तशी कोणाही विरोधकाने केली नव्हती. ही टीका त्यांनी लेख लिहून केली नाही, कृतीने केली. महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, पाने, खडे आले. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा मुलांस दोष न देता बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा आज देशभर रुळलेला शब्द या प्रयोगातून आला. १९५७ साली काम कोसबादच्या टेकडीवर गेले. तेथे असे दिसून आले की मोठी मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून ‘विकासवाडी’ उभी राहिली. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, म्हणून शाळाच कुरणावर गेली. अनुताई वाघ यांनी ‘कोसबादच्या टेकडीवरून’ या आत्मकथनात या दिवसांची हकीकत अत्यंत साध्या भाषेत सांगितली आहे, आणि मराठी आत्मचरित्रांत त्या पुस्तकाचे स्थान आजच्यापेक्षा पुष्कळ वरचे असावयास हवे होते.

या सर्व खटाटोपाचे मर्म असे की रूसोने वजा केलेले घर ताराबाईंनी पुन्हा मिळविले. कडेवरचे भावंड, दारची गाय, अंगणातील शेण आणि माती यांच्यासकट जे मूल आहे तेच मूल. त्यातून काही सोलून काढून आत दडलेले शुद्ध ‘बालक’ शोधावयाचे नाही. आमच्या मते जगाच्या बालशिक्षणविचारात ही एक मौलिक भर आहे.

परंतु टीकाकाराने आदरापोटी थांबू नये. बोर्डीचे काम सुरू झाले त्याच १९४५ साली, त्याच मुलुखात, वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा उठाव झाला. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात त्याचे जे चित्र रेखाटले आहे ते वाचल्यानंतर कोसबादची हकीकत वाचली, की दोन पुस्तकांत एकाच वस्तीची दोन अर्धी दिसतात. एकात मूल आहे, दुसऱ्यात त्याचा बाप. बाप सावकाराच्या जमिनीवर वेठीस असताना मुलाचे ‘स्वातंत्र्य’ कोठवर जाणार, हा प्रश्न बालशिक्षणाने राजकारण्यांकडे सोपविला, आणि राजकारण्यांनी मुलांस बालशिक्षणाकडे. ही वाटणी सोयीची खरी, पण मुलाच्या दृष्टीने घर एकच असते.

कोसबादची दुसरी मर्यादा आमच्या विषयास अधिक जवळची आहे. वारली बोली मराठीची सख्खी नसली तरी नात्यातली आहे. कोसबादची शिक्षिका वारली मुलाशी बोलू लागली तर अडखळेल, पण बुडणार नाही. चंद्रपूर-गडचिरोलीकडे पाऊल टाकले की हा आधार सुटतो. गोंडी, माडिया, जिवतीच्या डोंगरातील कोलामांची कोलामी, या द्राविडी कुळातील भाषा. मराठीशी त्यांचे शेजार शतकांचे, पण रक्ताचे नाते नाही. शिवाय सिरोंच्याकडे तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगढी, मुलचेऱ्याच्या बाजूस पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची बंगाली. या दोन जिल्ह्यांचा हा भाषिक पसारा. आणि त्या सर्वांसाठी अंगणवाडीचे नमुनापुस्तक बहुधा एकच.

भामरागडच्या अलीकडील एका गावात आम्ही काही काळापूर्वी एका अंगणवाडीत दीडदोन तास बसलो होतो. खोली स्वच्छ होती. भिंतीवर फळांचा तक्ता होता व त्यात सफरचंदास मानाचे स्थान होते. मोह, चार, टेंभरे यांपैकी काही त्या तक्त्यावर नव्हते. दारातून मात्र मोहाचे झाड स्पष्ट दिसत होते. सेविका मनमिळाऊ व कष्टाळू; तिने गाणे म्हटले, हातवारे केले, प्रश्न विचारले. मुले गप्प. त्यांचा गप्पपणा भीतीचा नव्हता. पाहुण्यांच्या गोष्टी चालल्या असता मुले जशी आदबीने बसतात तसा तो होता. मग सेविका वही भरावयास आत वळली आणि मदतनीस बाई खिचडीचे पातेले घेऊन आली. ती त्याच गावची. तिने माडियात काहीतरी म्हटले, आणि पाखरांचा थवा उठावा तसा सारा वर्ग बोलू लागला. एक मुलगा तिला भांडून काही पटवीत होता, दुसरी मुलगी त्यास खोडून काढीत होती. बालकेंद्रित शिक्षणाच्या ग्रंथांत ज्याचे वर्णन असते ते सर्व त्या दहा मिनिटांत आमच्यासमोर घडले, आणि ते घडविणारी व्यक्ती त्या खोलीत सर्वांत कमी मानधन घेणारी होती. शिकविणे हे तिचे काम म्हणून कोणत्याही कागदावर लिहिलेले नाही.

मुलाचे मौन हे बुद्धिमांद्याचे लक्षण समजण्याची चूक येथे सहज होते, म्हणून भाषेविषयी दोन शब्द अधिक लिहितो. मराठीत तीन लिंगे, गोंडीत दोनच. पुरुष व देव यांचे एक, आणि स्त्रिया, जनावरे, वस्तू या सर्वांचे मिळून दुसरे. अशा भाषेत वाढलेले मूल ‘तो आंबा, ती चिंच, ते फूल’ या भेदास अडखळले तर ते चुकत नाही. ते आपल्या भाषेचे व्याकरण अचूक पाळीत असते. पाण्यास गोंडीत ‘येर’, घरास ‘लोन’. झाडास बोलीपरत्वे ‘मरा’ म्हणतात. तो उच्चार मराठी कानावर कसा पडेल हे सांगावयास नको. मूल अंक मोजू लागते तेव्हा पहिला ‘उंदी’, दुसरा ‘रंड’, तिसरा ‘मुंड’. दुसऱ्याच आकड्यास अनोळखी शिक्षक दचकेल अथवा हसेल. मुलास आपण काय चुकलो हे कळणार नाही. पण आपल्या तोंडून निघालेल्या शब्दात काही वाईट आहे एवढे मात्र कळेल, आणि पुढल्या वेळी ते गप्प बसेल. मोठेपणी आपण ज्यास न्यूनगंड म्हणतो त्याचे बी इतके बारीक असते.

हेच मूल मार्च-एप्रिलात पहाटे आईबरोबर मोहफुले वेचावयास जाते. पुढे तेंदूचा हंगाम येतो. सत्तर पानांचा एक पुडा बांधावयाचा असतो, आणि घरातील जाणती मुले आईच्या शेजारी बसून तो बिनचूक बांधतात. कमी पाने निघाली तर फडीवर पुडा नाकारला जातो, हे त्यांस ठाऊक असते. धाकटी भावंडे हे सर्व पाहत, हाताळत वाढतात. त्या दिवसांत अंगणवाडीच्या पटावर गैरहजेरीच्या खुणा पडतात. कुरणावर शाळा नेणाऱ्या ताराबाई येथे असत्या तर त्यांनी ही खूण गैरहजेरीची न मानता अभ्यासक्रमाची मानली असती, यात आम्हांस संशय नाही.

कायद्याकडे पाहू. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द सरकारी झाला. आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी आणि शाळापूर्व शिक्षण ही कामे एकाच छपराखाली आली. कुपोषणाने ग्रासलेल्या या जिल्ह्यांत त्या योजनेने केलेली सेवा लहान नाही. ज्या मुलाच्या पोटात अन्न नाही त्यास शिक्षणविचार सांगणे ही क्रूर थट्टा होय. परंतु अंगणाचा अर्थ या प्रवासात बदलला. ताराबाईंचे अंगण मुलाचे होते; योजनेचे अंगण खात्याचे झाले. पुढे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने, सहा वर्षांपुढील मुलांसाठी का होईना, पद्धती बालकेंद्रित असावी असे स्पष्ट सांगितले, आणि लगेच पुढच्या कलमात माध्यम मातृभाषेचे असावे असेही सांगितले. मात्र दुसऱ्या वाक्यास ‘जेथवर व्यवहार्य असेल तेथवर’ अशी पुस्ती जोडली. बालकेंद्रिततेस अट नाही, मातृभाषेस आहे. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मानला, घरच्या भाषेचे महत्त्व पूर्वीपेक्षा मोठ्या आवाजात सांगितले, पण ‘शक्य असेल तेथे’ हा शब्दप्रयोग तेथेही सुटला नाही. आमचा आक्षेप असा की ही दोन वाक्ये वेगळी करताच येत नाहीत. मुलाच्या भाषेवाचून मुलास केंद्रस्थानी बसविणे म्हणजे पाहुण्यास पाटावर बसवून वाढावयाचे विसरणे होय.

यावर एक आक्षेप निघतो व तो वजनदार आहे. मातृभाषेच्या नावाने तुम्ही या मुलांस जंगलात कोंडून ठेवणार काय? पालकांसच मराठी हवी, इंग्रजी हवी; बाजार, कचेरी, दवाखाना यांची भाषा मुलास यावी हीच त्यांची इच्छा. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाने १९७६ साली शाळा काढली. पायवाटाही जेथे पावसाळ्यात बुडत, तेथील माडिया मुले त्या शाळेतून शिकून डॉक्टर, वकील, शिक्षक झाली. हा पुरावा डोळ्यांआड करणे अप्रामाणिकपणाचे होईल. आम्ही तो करीत नाही. मराठी शिकू नये असे आमचे म्हणणे नाही. ती कोणत्या वयात व कशाच्या आधाराने शिकावी एवढाच वाद आहे. तीन वर्षांच्या मुलास ज्या भाषेत रडता येते, हट्ट करता येतो, खोटे बोलता येते, त्याच भाषेत त्यास विचारही करता येतो. तो विचार एकदा उभा राहिला म्हणजे दुसरी भाषा त्यावर वेलीसारखी चढते. मांडवच घातला नाही तर वेल जमिनीवर पसरते आणि तुडविली जाते. तुडवल्या गेलेल्या मुलांची नावे यशस्वी विद्यार्थ्यांच्या यादीत नसतात, म्हणून ती आपणांस दिसत नाहीत.

धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची स्वतःची शाळा सुरू केली आणि तिच्या नावात ‘गोटूल’ हा आपला जुना शब्द ठेवला. गोटूल म्हणजे जेथे गोंड समाजातील तरुण पिढी वडीलधाऱ्यांच्या व एकमेकांच्या सहवासात रीत, गाणे, काम आणि जबाबदारी शिकत आली ती जागा. शाळेस मान्यता नाही म्हणून शिक्षणखात्याने नोटीस दिली व प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. त्या शाळेच्या गुणदोषांचा निवाडा आम्ही येथे बसून करणार नाही. परंतु टीकाकारास एवढे म्हणण्याचा अधिकार आहे की, गेल्या शंभर वर्षांत बालशिक्षणाचे जे जे प्रयोग झाले, ते बहुतेक सुशिक्षितांनी अशिक्षितांसाठी केलेले होते. येथे प्रथमच मुलांच्या आईबापांनी आपल्या भाषेत मुलांस काय शिकवावे हे स्वतः ठरविले. ताराबाईंनी शाळा अंगणात नेली; मोहगावने अंगणासच शाळा म्हटले. जे तत्त्व आपण सर्वजण मानतो त्याचा पुढचा पायरीदगड हाच होता, आणि त्याच पायरीवर त्या तत्त्वाच्या राखणदारांनी कागद मागितले.

कोणी विचारील, मग करावे काय? मोठ्या योजना सुचविणे आमचे काम नाही. पण तीन लहान गोष्टी करण्यास कोणत्याही नव्या तत्त्वज्ञानाची गरज नाही. पातेले घेऊन येणाऱ्या त्या मदतनीस बाईस गोष्टी सांगण्याचे काम द्यावे, शिक्षण द्यावे, व त्याचे दाम द्यावे. तक्त्यावर मोह, टेंभरे आणि चार यावेत; सफरचंदही असू द्यावे, पण पाहुणा म्हणून. आणि वस्तीतील म्हाताऱ्याकोताऱ्यांकडे ज्या गोंडी-माडिया गोष्टी आहेत त्या, त्यांची परवानगी घेऊन, अंगणवाडीत आणाव्या; त्या नाहीशा होण्यास आता एका पिढीहून अधिक अवकाश उरलेला नाही.

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ऐकणारा पहिल्यात नसतो, दुसऱ्यात असतो. बालकेंद्रित शिक्षणाविषयीचे आपल्याकडील बहुतेक लेखन, प्रस्तुत लेख धरून, ‘आम्ही’मध्ये झालेले आहे. आम्ही बालकास केंद्रस्थानी मानतो, आम्ही त्याच्यासाठी अमुक करतो. त्या दिवशी अंगणवाडीतून निघताना एका लहान मुलीने आम्हांस माडियात काही विचारले. आम्हांस ते समजले नाही, म्हणून आम्ही हसलो व मान हलविली. ती थोडा वेळ वाट पाहत उभी राहिली, आणि मग आत गेली. तिच्या प्रश्नाचे उत्तर ज्यास देता येईल, त्याच्याच तोंडी ‘बालकेंद्रित’ हा शब्द शोभतो.